ज्याचं त्याचं वानर

आमच्या वाचनमंडळात पुस्तकावरून भांडण होणं तसं दुर्मीळ. बहुतेक जण साठीच्या अलीकडचे-पलीकडचे. महिन्यातल्या एका रविवारी सिडकोत एकांच्या घरी वरच्या मजल्यावर जमायचं, पुस्तकाबद्दल चार बरे शब्द बोलायचे, चिवडा खायचा आणि पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवून उठायचं. रविवार कोणता, हे मात्र आम्ही ठरवत नाही, नळ ठरवतो. पैठणचा नाथसागर तासा-दीड तासाच्या अंतरावर असूनही छत्रपती संभाजीनगरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि ज्या रविवारी पाळी असेल त्या रविवारी निम्मं मंडळ टाक्या भरत घरी असतं.

अशा या सोशिक मंडळात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ने वाद लावला. पुस्तक लहानसं, एका बैठकीत वाचून होईल एवढं. गोष्ट वानरांची. एका टोळीचा हुप्या, त्याच्या माद्या, त्यांची पिल्लं, आणि टोळीबाहेर ताकद जोखत हिंडणारे तरणे नर. त्यातला एक जण जुन्या हुप्याला हुसकून लावतो, टोळी ताब्यात घेतो आणि जुन्याची अंगावर पिणारी पिल्लं मारतो. ही कादंबरी १९८२ ची. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८३ मध्येच अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही माडगूळकर होते, त्यामुळे मराठवाड्यातल्या आमच्या पिढीला त्यांना प्रत्यक्ष बघितल्याच्या आठवणी आहेत. आमच्यातल्या दोघांनी त्या मांडवात सतरंजीवर बसून भाषण ऐकलेलं. काय ऐकलं ते दोघांनाही धड सांगता येत नाही, पण जेवणाच्या रांगेचं वर्णन मात्र दोघांचंही तंतोतंत जुळतं.

पुस्तक सुचवलं ते बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी, आणि त्यांना ते का आवडलं हे त्यांची प्रत उघडल्याबरोबर कळत होतं. समासात पेन्सिलीने ठिकठिकाणी आद्याक्षरं घातलेली. नेत्यांची. “नावातच सगळं आलं ना,” ते म्हणाले. त्यांचा मुद्दा वरवर बघता बिनतोड होता. हे पुस्तक आलं तेव्हा देशाने १९७७ आणि १९८० अशी दोन मोठ्या उलथापालथी बघितलेल्या होत्या. महाराष्ट्राने १९७८ चं पुलोद सरकार बघितलं होतं. खुद्द १९८२ च्या जानेवारीत अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. आणि आमच्या जिल्ह्याला तर २०२२ चा जून विसरता येण्यासारखा नाही. इथले आमदार बंड करून गुवाहाटीला, आणि त्याच धामधुमीत २९ जूनला मावळत्या मंत्रिमंडळाच्या शेवटच्या बैठकीत आमच्या शहराचं नाव बदलायचा निर्णय झालेला. काका हे सगळं वानरांना जोडत गेले, लोक हसत गेले, आणि अर्धा तास मजेत गेला. त्यांचं वाचन चूक होतं असं मी म्हणणार नाही. लेखकाने असं नाव ठेवलं तर वाचक तिकडे जाणारच. पण त्या अर्ध्या तासात शेपूट असलेलं कोणी पुस्तकात उरलंच नाही.

वाद सुरू झाला तो इतिहासाच्या सरांमुळे. सरांनी उभ्या नोकरीत शाळेच्या सहली अजिंठ्याला नेल्या. सतराव्या लेण्यातलं महाकपी जातकाचं चित्र मुलांना समजावून सांगायचं, हे त्यांचं हातखंडा काम. गंगेकाठच्या आंब्यावर राहणारी ऐंशी हजार वानरं, त्या आंब्याचा एक गोड आंबा नदीत पडून वाराणसीच्या राजाच्या हाती लागतो, राजा धनुर्धाऱ्यांना घेऊन येतो आणि झाडाला वेढा घालतो. तेव्हा वानरांचा राजा एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत स्वतःचं अंग ताणून धरतो आणि सगळी टोळी त्याच्या पाठीवरून पलीकडे जाते. हे चित्र पाचव्या शतकातलं. सर म्हणाले, “पंधराशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात ज्याने हे काढलं त्याला टोळीचा प्रमुख कसा असतो ते समजलं होतं. माडगूळकरांनी काय दाखवलं? पोरं मारणारा. यातून मुलांनी काय घ्यायचं?”

“मुलांना कुठे द्यायचंय?” काका म्हणाले.

“मोठ्यांनी तरी काय घ्यायचं?”

यावर आमच्यातल्या प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका बोलल्या. एरवी त्या कविता आवडीने वाचतात आणि कादंबरीला थोड्या टाळतात. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे माडगूळकरांनी रचलेलं नाही, हे बघितलं गेलेलं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा नावाचे जपानी संशोधक धारवाडच्या जंगलात वानरांच्या मागे हिंडत होते. नवा नर टोळीत आल्यावर पिल्लं मारली जातात हे त्यांनी नोंदवलं. पुढे १९७० च्या दशकात सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी अबूच्या पहाडावर तेच बघितलं आणि त्यावर १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं. कारण असं की पिल्लू अंगावर पीत असेतो मादी पुन्हा माजावर येत नाही. नव्या हुप्याची गादी बहुधा दोन-तीन वर्षंच टिकते. तेवढ्यात त्याची स्वतःची पिल्लं जन्मून सुटी व्हायला हवीत. दुसऱ्याचं पिल्लू वाढेपर्यंत थांबायला त्याला सवड नसते.

“म्हणजे त्याला हिशोब कळतो?” सरांनी विचारलं.

“त्याला काही कळत नाही सर. ज्यांनी असं केलं त्यांची प्रजा उरली, एवढंच.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात रंजक वाटलं. हर्डीबाईंच्या म्हणण्याला शास्त्रज्ञांतूनच मोठा विरोध झाला होता. फिलिस डॉल्हिनो या दुसऱ्या बाई १९५० च्या दशकाच्या अखेरीला मध्य आणि उत्तर भारतात वानरांचा अभ्यास करून गेल्या होत्या. त्यांना टोळ्या बऱ्याच शांत दिसल्या होत्या. त्यांचं आणि त्यांच्या बाजूच्यांचं म्हणणं असं की पिल्लं मारणं ही वानरांची रीत नव्हे, ती विकृती आहे. माणसांनी जंगलं कमी केली, खायला घालून गर्दी वाढवली, त्या दाटीतून हे आलंय. वर्षानुवर्षं हा वाद चालला. आज बहुतेकांचा कल हर्डीबाईंच्या बाजूने आहे.

मला वाटतं, आमचे सर आणि डॉल्हिनोबाई एकाच गोष्टीपाशी अडखळले होते. वानरात आपलं वाईट दिसलं की ते आपल्यामुळे आलं असेल असं म्हणावंसं वाटतं. म्हणजे वानर मुळात निर्दोष राहतं आणि दोषाचे मालकही आपणच होतो. सगळं आपल्याचपाशी.

त्या दिवशी हे मी बोलले नाही. सरांना एवढंच म्हणाले की जातकातलं शेवटचं वानर आठवा. सगळे पलीकडे गेल्यावर एक वानर मुद्दाम उंचावरून वानरराजाच्या पाठीवर उडी टाकतं आणि त्याला मोडतं. जातककथेत तो देवदत्त, बुद्धाचा वैरी. राजाच्या टोळीतलाच एक नर. “तुमच्या लेण्यातही सत्तांतर आहे की सर.” सर रागावले. ते देवदत्ताचं पाप आहे, निसर्गाचा नियम नव्हे, असं म्हणाले आणि चिवड्याची बशी न घेताच उठले. सरांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. जातकात कुणी वाईट वागलं तर ते कुणाचं तरी कर्म असतं. माडगूळकरांच्या रानात कर्म नाही आणि दंडही नाही.

लेखकाबद्दल थोडं. १९२७ साली माणदेशात माडगुळ्याला जन्म, गदिमांचे धाकटे भाऊ, पुण्याच्या आकाशवाणीत नोकरी, आणि मनाने सदा रानात. हातात वही, डोळ्याला दुर्बीण, चित्रं काढायचा नाद. ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तिच्यात दुष्काळ पडतो आणि धनगरांचं अख्खं गाव मेंढरं घेऊन निघून जातं. तिथेही पाऊस कुणाच्या पापाने थांबलेला नसतो, तो नुसता थांबतो. पंचवीस-तीस वर्षांनी ‘सत्तांतर’ लिहिताना त्यांनी माणसाला आणखी बाजूला सारलं, असं मला दिसतं. त्यांच्या वाक्यांत कुठे हळहळ नाही. वाचकाला मात्र हळहळल्याशिवाय राहवत नाही, आणि सगळी ओढाताण तिथेच होते.

आमच्यातल्या एक वहिनी हनुमान जयंतीला शहरातून रात्री चालत खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जातात. तिथला मारुती निजलेला आहे, पहुडलेली मूर्ती. सगळे त्यांच्याकडे बघत होते की आता या काय म्हणतात. त्या म्हणाल्या, “मारुतीला संसार नाही, टोळी नाही. तो त्या पुस्तकातल्या कुठल्याच भानगडीत नाही. तुम्ही घाला गोंधळ.” आणि त्यांच्यापुरता विषय संपला. मला त्यांचा हेवा वाटला.

कुणीतरी लवूळचा विषय काढला. २०२१ च्या डिसेंबरातली गोष्ट. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या त्या गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, घरांच्या माथ्यावर नेत होती आणि पिल्लं वरून पडून किंवा उपाशी मरत होती. दोनशे, अडीचशे असे आकडे जगभरच्या बातम्यांत फिरले आणि सगळीकडे एकच शब्द, सूड. कुत्र्यांनी आधी वानराचं पिल्लू मारलं म्हणून ही टोळीयुद्धं. शेवटी वनखात्याने दोन वानरं पकडून नेली. प्राध्यापिकाबाईंना तो सूड मुळीच मान्य नव्हता. वानर कुत्र्याचं पिल्लू उचलून नेतं, अंगाशी धरून ठेवतं, त्याला काय खायला घालावं ते त्याला ठाऊक नसतं, असं त्या म्हणाल्या. काकांना सूडच हवा होता. “सूड नाही तर मग बातमी काय?” ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

या सगळ्या बोलण्यात एक जण गप्प होती. ज्यांच्या घरी आम्ही जमतो त्यांची मुलगी, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बाळ दोन महिन्यांचं. ती आमच्या मंडळात नाही, पण पुस्तक घरात आलं म्हणून तिने हातात घेतलं, आणि पिल्लांच्या जागी येऊन मिटून ठेवलं. सगळे गेल्यावर मी कपबशा आवरायला थांबले होते. मांडीवर बाळ घेऊन ती खाटेच्या कडेला बसली होती. तिला वाटलं असेल ते मी ओळखून होते, म्हणून सांत्वनाचं काही तरी बोलायला गेले. तिने मला अडवलं.

“मावशी, मला त्या हुप्याचं काहीच वाटलं नाही. तो परकाच आहे. माझं डोकं फिरलं ते तिच्यावर. नंतर ती त्याच्याजवळ कशी बसते? त्याच्या अंगातल्या उवा कशी काढते?”

मी म्हटलं, ती वानरी आहे.

“तेच ना. तुम्ही सगळे तो हुप्या माणसासारखा आहे म्हणून बोलत होता. तिच्याबद्दल कोणी बोललंच नाही. तिच्याबद्दल बोलायचं झालं की ती वानरी.”

मला उत्तर सुचलं नाही. प्राध्यापिकाबाईंना नंतर फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, हर्डीबाईंच्या कामाचं मोठेपण तेच आहे. त्याआधी वानरांचं राजकारण म्हणजे नरांचं राजकारण होतं. त्यांनी माद्या काय काय करतात ते बघितलं. माद्या टोळी करून नव्या नराला हाकलायला धावतात, दुसरीच्या पिल्लासाठीही अंगावर घेतात, कधी टोळी सोडून पिल्लासकट दूर राहतात, आणि हरल्या की पुढचं बघतात. “पुढचं बघतात” हे मी मुलीला सांगितलं. ती “हं” म्हणाली. पुस्तक तिच्या उशाशीच होतं.

यानंतर मी माझी प्रत अण्णाला नेऊन दिली. अण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या पायथ्याशी त्याची साडेतीन एकर जमीन आहे. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ चं, अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं, आणि अण्णाच्या मते त्यातली निम्मी जनावरं त्याच्या मक्यावर पोसलेली. अण्णा दहावी पास आहे. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, श्रावणात पोथी वाचतो. कादंबरी त्याने शाळेनंतर वाचली नसावी. मी त्याला एवढंच म्हटलं, “अण्णा, वानरांवर आहे. वाच आणि सांग बरोबर लिहिलंय का.”

त्याने ते माळ्यावर वाचलं. मका कणसावर आला की शेतात चार बल्ल्यांवर माळा बांधून राखण करावी लागते. रात्री डुकरं, दिवसा वांदरं, अशा दोन पाळ्या. रात्रपाळीला अण्णा, दिवसपाळीला त्याची सून आणि पुतण्या. डोक्याला बॅटरी लावून, मधेमधे डबा वाजवत त्याने ‘सत्तांतर’ संपवलं. पुस्तकाच्या पानांना तंबाखूचा वास लागला होता.

त्याचं मत ऐकायला सगळं मंडळच निघालं. सर येणार नाहीत असं वाटलं होतं, पण ते सगळ्यांच्या आधी गाडीत बसले. दसऱ्याच्या आधीचे दिवस. आम्ही बांधावरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसलो, आणि अण्णा पुस्तक मांडीवर ठेवून सुनावणीला बसल्यासारखा बोलायला लागला.

“बरोबर लिहिलंय त्यानं. हुप्या असाच असतो. आधी एकटा उंचावर बसतो, चौफेर बघतो. तो उतरल्याबिगर बाकीचे शेतात पाय टाकत नाहीत. पोरंबी मारतो, मी बघितलंय. चिंचेवर एक वांदरी होती. मेलेलं पिल्लू धरून हिंडायची. वास सुटला तरी सोडंना. मग एक दिवस दिसलं नाही तिच्याजवळ.” जरा थांबून म्हणाला, “पण हा माणूस खेड्यातला असंल, त्याच्याकडं मका नसंल.”

“का हो?” काका.

“वांदरू जेवढं खातं त्याच्या तिप्पट नासतं. कणीस मोडलं, दोन दाणे चावले, फेकलं. दुसरं मोडलं. ते ज्याच्या वावरात होतं त्याला कादंबरी सुचत नाही.”

काकांनी त्याला राजकारणात ओढायचा प्रयत्न केला. हुप्या म्हणजे अमुक, बाहेरचे नर म्हणजे तमुक. अण्णा ऐकत राहिला. “पुढाऱ्याला समजून घ्यायला वांदरू कशाला लागतं? पुढारी तर समोर दिसतो की,” म्हणाला. सर खूश झाले. पण अण्णाने त्यांनाही सोडलं नाही. पाठीचा पूल करणारा राजा ऐकून तो म्हणाला, “ऱ्हाऊ शकतो. कुत्रं मागं लागलं तर हुप्याच सगळ्यात शेवटी झाडावर चढतो. पोरं मारणारा अन् पोरांसाठी मागं थांबणारा, एकच असतो. आता तुमाला त्यातलं कोणतं घ्यायचं ते घ्या.”

आम्ही बोलत होतो तेवढ्यात वानरांची टोळी आलीच. आधी लिंबाच्या पलीकडच्या वडावर फांद्या हलल्या. मग हुप्या. राखाडी अंग, काळं तोंड, लांब शेपूट खाली सोडून तो आमच्या दिशेला तोंड करून बसला. त्याच्या मागे माद्या. एकीच्या छातीशी जवळजवळ काळंकुट्ट पिल्लू, तान्ही असताना ती तशीच असतात. दुसरी आली, तिने ते पिल्लू तिच्याकडून काढून घेतलं, दोन फांद्या खाली नेलं. तिथे तिसरी बसली होती, तिने तिच्याकडून घेतलं. पिल्लू ओरडत होतं, आई बिनघोर शेंडा खात होती. प्राध्यापिकाबाई हलक्या आवाजात सांगत होत्या की हे मोठं विशेष आहे, पिल्लू असं हातोहात फिरवणं. वहिनींनी नमस्कार केला. सरांनी खिशातून चष्मा काढून लावला. काकांनी विचारलं, “यातला मुख्यमंत्री तोच ना?” कोणी उत्तर दिलं नाही.

हुप्या उतरला, बांध ओलांडला, आणि तिसऱ्या सरीत शिरून त्याने पहिलं कणीस कडकन मोडलं. अण्णाच्या पुतण्याने पीव्हीसी पाइपाची बंदूक उचलली. पाइपात कार्बाइडचा खडा, पाण्याचे थेंब, वर लायटरची कळ. असल्या बंदुकीने गावातल्या पोरांचे डोळे जातात म्हणून आम्ही ओरडलो, त्याने तोंड फिरवून कळ दाबली. कानठळ्या बसल्या. वानरं वडावर. पिल्लू ज्या मादीकडे होतं ती त्याला पोटाशी घेऊनच वर गेली, आई आधीच शेंड्यावर पोचली होती. वहिनी मोठ्याने “हाऽड हाऽड” करून मक्याकडे धावत होत्या. नमस्कार केलेले हात तेच.

“मारत का नाही तुम्ही?” काकांनी विचारलं. कायद्याने मारता येत नाही हे त्यांनाही माहीत होतं. तरी विचारलं.

“कायदा ऱ्हाऊ द्या. मारलं तरी दुसरा हुप्या येणार. तुमच्या पुस्तकातच लिहिलंय,” अण्णा म्हणाला. “अन् वांदरू मारलं तर गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हात नाही. शनिवारी मारुतीपुढं काय म्हणून उभं ऱ्हावं?” मग त्याला आठवलं. “ते धाराशिवकडं उपळं म्हणून गाव हाय ना, पेपरात आलं होतं.”

आलं होतं, २०२२ च्या ऑक्टोबरात. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळ्यात ग्रामपंचायतीच्या नोंदीत ३२ एकर जमीन गावातल्या माकडांच्या नावावर आहे. कुणी केव्हा लावली ते गावालाही ठाऊक नाही. पूर्वी लग्नकार्यात त्यांना आधी भेट द्यायचे. आता जागेवर वनखात्याने झाडं लावली आहेत आणि वानरांची संख्या पूर्वीपेक्षा घटली आहे.

“बत्तीस एकर,” अण्णा म्हणाला. “माझ्या सातबाऱ्यावर साडेतीन. अन् त्याच्यातबी हेच खाऊ राह्यले.” तो हसला. त्याच्या हसण्यात कडवटपणा होता का ते मी तेव्हाही बघत होते, पण सांगता येत नाही. त्याने सगळ्यांना भाजलेली कणसं दिली. जे कणीस हुप्याने मोडून टाकलं होतं तेही त्यात होतं, चावलेला भाग कोयत्याने काढून.

परतीच्या वाटेवर गाडीत बरंच बोलणं झालं, त्यातलं बहुतेक मक्याच्या भावाबद्दल. काकांनी एक गोष्ट केली. औट्रम घाटाचा रस्ता मागे पडेपर्यंत ते पुस्तक चाळत होते, आणि मग खिशातून खोडरबर काढून त्यांनी समासातली एक-दोन आद्याक्षरं पुसली. सगळी नव्हे. काही नावांवर त्यांचा फार विश्वास आहे.

पुढच्या बैठकीला सरांनी महाकपीच्या चित्राची छापील प्रत आणली आणि शेवटच्या वानराबद्दल स्वतःहून दहा मिनिटं बोलले. देवदत्त हा त्यांचा नवा विषय झाला आहे. आपल्याला अजून पटलेलं नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. माहेरी आलेल्या मुलीने सासरी जायच्या आदल्या दिवशी पुस्तक पूर्ण केलं. आवडलं का विचारल्यावर म्हणाली, “आवडलं असं नाही. पण ती वानरी मला आता वाईट वाटत नाही.” मग लगेच, “चांगलीही नाही वाटत.” आमच्या सगळ्यांत पुस्तकाच्या सगळ्यात जवळ तीच गेली असं माझं मत आहे. मंडळात हे बोलले तर काका आणि सर दोघेही रुसतील, म्हणून इथे लिहिते.

अण्णाकडे दिलेली प्रत परत आलीच नाही. त्याचा पुतण्या कृषी पदविकेला आहे, त्याने वाचायला ठेवून घेतली. मी औरंगपुऱ्यातून दुसरी आणली. मागच्या आठवड्यात अण्णाचा फोन आला. मका निघाला, हरभरा पेरलाय, आणि आता हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, उतरू राह्यले. वांदरू निदान आवाजाला भितं, रोही तर भितही नाही. बोलता बोलता म्हणाला, “बाई, त्या माणसानं रोह्यांवर काही लिहिलंय का? पाह्य जरा. अन् मोठं असंल तर बरं, थंडीची रात्र लांब असते.”

प्राध्यापिकाबाईंना विचारलंय. त्या शोधत आहेत.